पासवर्ड म्हणजे अविश्वास नव्हे



गेल्या वर्षीची गोष्ट आहे. जयंतीचा उत्सव पार पडला, मांडव उतरला आणि पुढच्या रविवारी आमच्या वस्तीतील विहारात हिशेबाची बैठक बसली. वर्गणीची यादी संगणकावर तयार केली होती. तिची छापील प्रत भिंतीवर लावली होती. विड्या वळणाऱ्या एक आजी नातवाकडून यादी वाचून घेत होत्या. मध्येच त्या मोठ्याने म्हणाल्या, "दोन बारीला मिळून पाचशे एक दिले की मी. हितं अडीचशेच कसं लिवलंय?" यादीत त्यांच्या नावापुढे २५१ रुपये होते.

हजार विड्या वळल्याशिवाय मजुरीचा हिशेब सुरू होत नाही, हे सोलापुरात कोणाला सांगायला नको. त्या मजुरीतून आजींनी पाचशे एक रुपये काढून दिले होते. बैठकीत एकदम गलका झाला. आणखी दोघांनी आपले आकडे चुकल्याचे सांगितले. तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणाले, "कॉम्प्युटरवर तर हाच बसतोय." सगळ्यांच्या माना एका मुलाकडे वळल्या. बी.ए.ला शिकणारा मुलगा. महिनाभर रोज रात्री अकरापर्यंत बसून त्याने ती यादी तयार केली होती, एका पैशाची अपेक्षा न ठेवता. तो काही बोलला नाही. उठून घरी गेला.

दुसऱ्या दिवशी पावतीबुके काढली, स्थळप्रती तपासल्या. आजींच्या दोन्ही पावत्या होत्या, २५१ ची आणि २५० ची. खजिनदारांकडची रक्कम पावत्यांशी तंतोतंत जुळली. एक रुपयाही कोठे गेला नव्हता. घोटाळा फक्त यादीत होता. त्या यादीच्या चार प्रती निघाल्या. एक मुलाच्या पेन ड्राइव्हवर, एक सचिवांच्या मोबाइलवर, एक विहारातील जुन्या संगणकावर आणि एक झेरॉक्सच्या दुकानात. छापली गेली ती दुसऱ्या हप्त्याच्या आधीची जुनी प्रत. त्यातही कोणाचे तरी बोट लागून दोन आकडे बदललेले होते. ते बोट कोणाचे, हे आजतागायत कळलेले नाही. फाइलीला पासवर्ड नव्हता. ज्याने मागितली त्याला ती दिली होती.

पैसा शिल्लक राहिला, पण एक कार्यकर्ता गेला. तो मुलगा त्यानंतर कित्येक महिने विहाराची पायरी चढला नाही. या प्रकारात माझाही दोष आहे. मी बी.कॉम. झालेला माणूस, कारकुनी करून पोट भरतो, बैठकीत पुढे बसतो. फाइल अशी उघडी ठेवू नये, हे त्या समितीत मला सर्वांत आधी कळायला हवे होते. म्हणून या वेळच्या सदरात हाच विषय घेतला आहे.

शाई, सही आणि पानाचा आकडा

जुन्या काळची रोजकीर्द आठवून पाहा. तिच्यात तीन गोष्टी होत्या. नोंद शाईने होत असे. चूक झाली तर खोडरबर चालत नसे. चुकीच्या आकड्यावर एक रेघ मारायची, वर बरोबर आकडा लिहायचा आणि शेजारी छोटी सही करायची. म्हणजे आधी काय होते तेही दिसे, बदलले कोणी तेही दिसे. आणि वहीच्या प्रत्येक पानावर आकडा छापलेला असे, त्यामुळे पान फाडले तर लगेच उघडकीस येई. आपल्या वाडवडिलांना लिहिता येत नव्हते तरी ते गिरणीच्या मस्टरवर अंगठा उठवत. त्या अंगठ्याला अर्थ होता, कारण शाई पुसली जात नव्हती.

संगणकावरील साध्या फाइलीत यातले काहीही आपोआप मिळत नाही. २५१ चे ५०१ करा किंवा ५०१ चे २५१ करा, कागदावर असते तशी रेघ राहत नाही. बदल कोणी केला याची सही नसते. एक ओळ पूर्ण काढून टाकली तर खालच्या ओळी वर सरकतात आणि जागा भरून निघते. संगणक आला म्हणून हिशेब पक्का झाला, अशी आपल्याकडे समजूत आहे. उलट, काळजी घेतली नाही तर वहीपेक्षा तो जास्त कच्चा होतो. शाई, सही आणि पानाचा आकडा या तिन्ही गोष्टी संगणकात पुन्हा आणाव्या लागतात. त्या आणण्याचे साधन म्हणजे पासवर्ड आणि अधिकारांची वाटणी.

कुलूप वेगळे, अधिकार वेगळा

पासवर्ड म्हणजे दाराचे कुलूप. ज्याच्याकडे किल्ली आहे तो आत जाईल. पण आत गेल्यावर त्याने काय करावे, हे कुलूप सांगत नाही. त्यासाठी अधिकार ठरवावे लागतात. माहितीच्या फाइलीवर माणूस साधारण पाच कामे करतो : माहिती पाहणे, नवी नोंद भरणे, जुनी नोंद बदलणे, नोंद पुसणे आणि नोंदीला मंजुरी देणे. ही पाचही कामे एकाच माणसाच्या हाती दिली की गडबडीला दार उघडते. मग तो माणूस कितीही सज्जन असो.

आपल्या घरातील मुलामुलींना हे चांगले ठाऊक आहे. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरताना विद्यार्थी आपल्या लॉगिनने अर्ज भरतो. तो अर्ज कॉलेजच्या क्लार्ककडे जातो, तेथून प्राचार्यांच्या लॉगिनवर, तेथून समाजकल्याण विभागाकडे. "अर्ज कुठं अडकलाय?" असे आपण विचारतो तेव्हा या पायऱ्यांपैकी कोणत्या पायरीवर आहे, असेच विचारत असतो. विद्यार्थ्याला स्वतःचा अर्ज स्वतः मंजूर करता येत नाही. या पायऱ्यांमुळे उशीर होतो हे खरे, आणि तो उशीर किती जाचतो हेही आपल्याला माहीत आहे. परंतु पायऱ्याच नसत्या तर कोणाच्याही नावावर कोणीही रक्कम उचलली असती.

भगवान बुद्धांच्या संघातील भांडार

अधिकारांची ही वाटणी परदेशातून आलेली नवी गोष्ट आहे, असे समजू नका. विनयपिटकातील महावग्गात चीवरांसंबंधी एक प्रकरण आहे. उपासक संघाला दान म्हणून चीवरे आणून देत. ती घ्यायला ठरलेला माणूस नव्हता, म्हणून दान देणाऱ्यांना परत जावे लागे. तेव्हा तथागतांनी चीवर स्वीकारण्यासाठी एका भिक्खूची नेमणूक करण्याची अनुज्ञा दिली. तो चीवर-पटिग्गाहक. पण स्वीकारलेली चीवरे नीट ठेवली जात नव्हती, म्हणून ती ठेवणारा नेमला. तो चीवर-निदहक. ठेवलेली चीवरे मांडवात किंवा झाडाच्या बुंध्याशी पडून राहू लागली, त्यांना उंदीर आणि वाळवी लागली. तेव्हा भांडाराची अनुज्ञा झाली. भांडार झाले तरी त्यावर राखण नव्हती, म्हणून भण्डागारिक नेमला. भांडार भरल्यावर वाटपात गोंधळ होऊ लागला, तेव्हा वाटणारा वेगळा नेमला. तो चीवर-भाजक.

घेणारा वेगळा, ठेवणारा वेगळा, राखणारा वेगळा आणि वाटणारा वेगळा. प्रत्येकासाठी अटही एकच होती. तो आवडनिवड, द्वेष, मोह आणि भय यांच्या आहारी न जाणारा असावा आणि आपल्या कामाची नोंद त्याच्या ध्यानात असावी. म्हणजे चीवर घेणाऱ्याला काय घेतले आणि काय नाही हे नेमके सांगता आले पाहिजे. नेमणूकही संघासमोर ठराव मांडून होत असे.

विचार करा. घरदार सोडून आलेले, शील पाळणारे ते भिक्खू. त्यांच्याबाबतीतही तथागतांनी सगळा कारभार एकाच्या हाती दिला नाही. यात भिक्खूंचा अपमान होता काय? मुळीच नाही. उद्या कोणी विचारले तर प्रत्येकाला आपल्या कामाचे उत्तर देता यावे आणि दुसऱ्याच्या चुकीचे खापर आपल्यावर येऊ नये, अशी ती सोय होती. आमच्या विहारात तशी सोय असती, तर तो मुलगा त्या रात्री मान खाली घालून गेला नसता.

बाबासाहेबांची शिकवण

बाबासाहेब मुळात अर्थशास्त्रज्ञ होते, हे आपण जयंतीच्या भाषणांत सांगतो. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ १९२३ साली प्रसिद्ध झाला. पैशाचा कारभार कोठे बिघडतो, हे त्यांना पक्के ठाऊक होते. संविधान सभेत मे १९४९ मध्ये नियंत्रक व महालेखापरीक्षक या पदावर चर्चा झाली, तेव्हा हा अधिकारी संविधानातील बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी आहे, असे मत त्यांनी मांडले होते. संसदेने मंजूर केलेल्या खर्चाची मर्यादा ओलांडली जात नाही ना, हे पाहणारा तो माणूस. म्हणून त्याला सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाप्रमाणेच सहजासहजी काढता येत नाही. संविधानाच्या अनुच्छेद १४८ ते १५१ मध्ये ही व्यवस्था आहे. खर्च करणारा वेगळा आणि तपासणारा वेगळा.

त्याच वर्षी २५ नोव्हेंबरच्या भाषणात त्यांनी आणखी एक इशारा दिला. माणूस कितीही थोर असला, तरी संस्था उलथून टाकता येतील इतके अधिकार त्याच्या हाती सोपवू नका, अशा आशयाचा तो इशारा होता. आपण तो देशाच्या राजकारणापुरता घेतो. पण विहार समिती, जयंती मंडळ, पतसंस्था, महिला बचत गट याही संस्थाच आहेत. "आमचे सचिव प्रामाणिक आहेत, त्यांच्याकडेच सगळे असू द्या," असे आपण म्हणतो, तेव्हा बाबासाहेबांचा इशारा विसरतो. सचिव प्रामाणिक असतीलही. पण त्यांचा मोबाइल हरवू शकतो, त्यांचा नातू फाइलीवर बोट मारू शकतो, ते आजारी पडू शकतात. संस्था एका माणसाच्या चांगुलपणावर उभी राहू नये.

दुर्लक्षाची किंमत

दुर्लक्ष केले की काय होते, याची उदाहरणे आपल्याच महाराष्ट्रात आहेत. यवतमाळ जिल्ह्यातील आर्णी तालुक्यात शेंदुरसनी नावाचे लहान गाव आहे. लोकसंख्या दोन हजाराच्याही आत. जन्म-मृत्यू नोंदणीच्या सरकारी संगणक प्रणालीत या गावाच्या ग्रामपंचायतीच्या नावावर २०२५ च्या सप्टेंबर ते नोव्हेंबर या तीन महिन्यांत सत्तावीस हजारांहून अधिक जन्मांच्या नोंदी झाल्याचे आढळले. गावात तेवढी माणसे नाहीत, तेवढी बाळे कोठून आली? ग्रामपंचायतीच्या लॉगिनचा गैरवापर झाल्याचे पुढे आले आणि तपासासाठी विशेष पथक नेमावे लागले. दाखल्यासाठी आपण दहा हेलपाटे घालतो, आजोबांच्या शाळेचा पुरावा शोधत गावोगाव फिरतो. आणि एका लॉगिनवरून हजारो खोट्या नोंदी होतात. अशा प्रकारानंतर सरकार तपासणी कडक करते आणि तिचा त्रास पुन्हा खऱ्या गरजूलाच होतो.

दुसरे उदाहरण मुंबईतील पंजाब नॅशनल बँकेच्या ब्रॅडी हाउस शाखेचे. फेब्रुवारी २०१८ मध्ये ते उघडकीस आले. परदेशी बँकांना हमी देणारे संदेश पाठवण्याची एक प्रणाली असते, तिला स्विफ्ट म्हणतात. संदेश एकाने तयार करायचा आणि दुसऱ्याने तपासायचा, असा तिचा रिवाज. तपास यंत्रणांच्या म्हणण्यानुसार त्या शाखेतून मोजक्या माणसांनी वर्षानुवर्षे असे संदेश पाठवले आणि बँकेच्या मुख्य हिशेबात त्यांची नोंदच केली नाही. दोन्ही प्रणाली एकमेकींना जोडलेल्या नव्हत्या. संबंधित अधिकारी निवृत्त झाला, त्याच्या जागी नवा माणूस आला आणि त्याने नेहमीच्या अटी विचारल्या, तेव्हा प्रकरण बाहेर आले. आकडा तेरा हजार कोटींच्या पुढे गेला. एक माणूस एकाच खुर्चीत फार वर्षे आणि त्याच्यावर दुसऱ्याची नजर नाही, एवढ्यावरून हे घडले.

आपली मुले, त्यांचे लॉगिन

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. आपल्या समाजातील शेकडो मुलेमुली आज कंत्राटावर डेटा एंट्रीची कामे करतात. ग्रामपंचायतीत संगणक परिचालक, दवाखान्यात, पतसंस्थेत, खाजगी कंपनीत ऑपरेटर. पगार तुटपुंजा, नोकरीची हमी नाही. माझ्या ओळखीची अशीच एक मुलगी एका कार्यालयात काम करत होती. तेथे तिचा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून संगणकाला चिकटवलेला होता. ती जेवायला गेली की कोणीही तिच्या लॉगिनवर बसायचे. "ताई, तुमचं चालू आहे ना, दोन नोंदी मारतो." पुढे काही नोंदी चुकीच्या निघाल्या. प्रणालीत नाव तिचे होते. साहेबांनी विचारले, "तुमच्याच लॉगिनवरून झालंय ना?" खरे सांगूनही तिचे कोणी ऐकले नाही. कंत्राट संपले ते पुन्हा मिळाले नाही.

म्हणून आपल्या मुलामुलींना हे घरात बसवून सांगा. संगणकाच्या जगात लॉगिन म्हणजे तुमचा अंगठा आहे. दुसऱ्याला अंगठा उसना देऊ नका. जागेवरून उठताना लॉगआऊट करा, निदान स्क्रीन लॉक करा. विंडोजमध्ये विंडोजचे बटण आणि एल हे अक्षर एकदम दाबले की पडदा बंद होतो. साहेबांनीच "तुझ्या लॉगिनने कर" असे सांगितले, तर नम्रपणे विचारा, "सर, मला लेखी द्याल का?" लेखी मिळाले नाही तर स्वतःच्या वहीत तारीख, वेळ आणि काय सांगितले ते लिहून ठेवा. काम सोडताना किंवा बदली होताना आपले लॉगिन बंद करण्याविषयी लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. तुम्ही गेल्यानंतरही तुमच्या नावाने नोंदी होत राहिल्या, तर उत्तर तुम्हालाच द्यावे लागेल.

कायद्याची बाजूही माहीत असू द्या. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चा आहे. त्यातील कलम ६६-सी प्रमाणे दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरणे हा गुन्हा असून त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. साहेबांचा पासवर्ड आपल्याला माहीत आहे, हे मोठेपण मिरवण्यासारखे नाही. ते आपल्याच गळ्यातील लोढणे आहे.

मंडळाची फाइल कशी सांभाळावी

आता प्रत्यक्ष काय करायचे ते सांगतो. बहुतेक मंडळांची यादी एक्सेलमध्ये असते. एक्सेलमध्ये शीट प्रोटेक्ट करण्याची सोय आहे. ती चुकून बोट लागू नये एवढ्यापुरती ठीक. ते खरे कुलूप नव्हे, थोडे जाणणारा माणूस ते काढू शकतो. खरे कुलूप हवे असेल तर फाइल, इन्फो, प्रोटेक्ट वर्कबुक, एन्क्रिप्ट विथ पासवर्ड या वाटेने जा. मग फाइलीतील मजकूरच सांकेतिक होतो आणि पासवर्डशिवाय उघडत नाही. मात्र हा पासवर्ड विसरला तर कंपनीसुद्धा तो परत काढून देत नाही.

काही संस्था ॲक्सेसमध्ये सभासदांची माहिती ठेवतात. ॲक्सेसच्या जुन्या फाइलींमध्ये प्रत्येक वापरणाऱ्याला वेगळे अधिकार देता येत. २००७ नंतरच्या नव्या प्रकारच्या फाइलीत ती सोय काढली गेली, तेथे पूर्ण फाइलीला एकच पासवर्ड लागतो. म्हणजे आत गेलेल्या प्रत्येकाला सगळे मोकळे. अगदी जुन्या ॲक्सेस फाइलींचे पासवर्ड तर सहज काढता येतात. कोणाकडे अशा फाइली असतील तर त्यांवर विसंबू नका.

टॅलीवर हिशेब असेल तर तेथे वापरणाऱ्यांचे वेगवेगळे प्रकार करता येतात. नोंद भरणाऱ्याला फक्त नोंद भरण्याचा अधिकार, बदलण्याचा आणि पुसण्याचा नाही, असे ठरवता येते. टॅली व्हॉल्ट नावाची सोय लावली तर माहिती सांकेतिक होते, पण तिचाही पासवर्ड विसरला तर हिशेब कायमचा बंद.

माझ्या मते लहान मंडळाला सोयीची म्हणजे गूगल शीट. ती फुकट आहे. तिच्यात कोणाला फक्त पाहता येईल, कोणाला शेरा लिहिता येईल आणि कोणाला बदल करता येईल, हे प्रत्येक माणसाच्या नावानिशी ठरवता येते. आणि कोणी कधी काय बदलले याची नोंद व्हर्जन हिस्टरीत राहते. वहीतील रेघ आणि छोटी सही येथे परत मिळते. मात्र प्रत्येकाने आपापल्या खात्यानेच आत आले पाहिजे. "लिंक असेल त्या कोणालाही" हा पर्याय निवडू नका. ती लिंक व्हॉट्सॲपवर एकदा फिरली की फाइल पुन्हा चव्हाट्यावर आली.

आमच्या समितीने आता अशी वाटणी केली आहे. पावती फाडणारे दोघे, ते फक्त पावत्या फाडतात. नोंद करणारा एक. खजिनदारांना यादी फक्त पाहता येते आणि ते दर रविवारी ती पावतीबुकाशी ताडतात. अध्यक्षांना फक्त पाहण्याचा अधिकार आहे, याचा त्यांना सुरुवातीला राग आला. "मी अध्यक्ष आणि मलाच बंदी?" असे ते म्हणाले. त्यांना संघाच्या भांडाराची गोष्ट सांगितली. हसले आणि म्हणाले, "बरं झालं, उद्या आकडा चुकला तर माझ्यावर येणार नाही." मुख्य पासवर्ड कागदावर लिहून पाकिटात घातला, पाकिटावर तिघांच्या सह्या घेतल्या आणि ते विहाराच्या कपाटात ठेवले. पाकीट फोडायचे तर समितीसमोर. दर महिन्याला फाइलीची एक प्रत वेगळ्या पेन ड्राइव्हवर काढतो, तिलाही पासवर्ड. समिती बदलली की पासवर्डही बदलायचा, असा ठरावच केला आहे.

पासवर्ड कसा असावा? आपल्या वस्त्यांत फिरून मला कळलेली गंमत सांगतो. निम्म्या लोकांचा पासवर्ड जयभीम आणि पुढे १२३ असा असतो. उरलेल्यांचा १४०४१८९१. बाबासाहेबांवरील प्रेम खरे, पण हा पासवर्ड शत्रूलाही पहिल्या झटक्यात सुचेल. जन्मतारीख, मोबाइल नंबर, मुलांची नावेही नकोत. एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द घ्या. घरातील, शेतातील, गिरणीतील, स्वयंपाकातील. असा लांब पासवर्ड आपल्याला आठवतो आणि दुसऱ्याला सुचत नाही. बँकेला वेगळा, ई-मेलला वेगळा, मंडळाला वेगळा.

भगिनींना एक खास विनंती. भविष्य निर्वाह निधीचे खाते पाहण्यासाठी आपण नेट कॅफेत जातो. तेथील माणूसच पासवर्ड तयार करतो, कधी आपलाच मोबाइल नंबर खात्याला जोडून टाकतो. असे होऊ देऊ नका. नंबर आपला किंवा घरातील माणसाचा असावा. पासवर्ड मुलीकडून वा सुनेकडून लिहून घेऊन घरात जपून ठेवा. ओटीपी कोणालाही सांगू नका. फसवणूक झालीच तर लाजू नका, ताबडतोब १९३० या नंबरवर कळवा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम अडवली जाण्याची आशा अधिक.

आणखी एक. मंडळाच्या यादीत फक्त रुपये नसतात. मदत दिलेल्या विद्यार्थ्यांची नावे, जात प्रमाणपत्रांचे क्रमांक, आधार, बँक खाती, घरचे पत्ते असतात. नावापुढे जात लिहिलेल्या याद्यांनी आपल्या माणसांचे काय केले आहे, हे आपल्याला नव्याने शिकायला नको. २०२३ साली संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. पण कायदा असो वा नसो, लोकांनी विश्वासाने दिलेली माहिती ही ठेव आहे. जे दिले नाही ते घेऊ नये, हे आपले दुसरे शील. तसेच जे एका कामासाठी दिले ते दुसऱ्या कामासाठी वापरू नये, एवढे तरी आपण पाळले पाहिजे.

शेवटी त्या मुलाविषयी. समितीचे आम्ही तिघे त्याच्या घरी गेलो आणि आई-वडिलांसमोर त्याची माफी मागितली. यादीवर बोट दाखवणाऱ्या त्या आजीही आमच्याबरोबर आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "लेकरा, मी तुझं नाव घेतलं नव्हतं रं. मला माझा आकडा पाहिजे होता." तो लगेच परत आला नाही. या वर्षी जयंतीच्या तयारीच्या बैठकीला आला आणि म्हणाला, "काका, मी नोंदी करतो, पण माझ्या लॉगिनवर मीच बसणार." त्याची अट सभेने एकमताने मान्य केली.

तुमच्या मंडळाची फाइल आज कोणाच्या मोबाइलवर आहे, येत्या रविवारी एवढे तरी विचारून पाहा.

जयभीम! नमो बुद्धाय!